मावळ्याला फुकटचे गुण देऊ नका

लढाईच्या गेममध्ये हलकं यंत्र घ्यावं की जड, हे कुठल्याही मराठी पोराला विचारा. अर्धी पोरं सांगतील जड, कारण तोफ मोठी. उरलेली सांगतील हलकं, आणि कारण विचारलंत तर छाती पुढे काढून म्हणतील, ‘गनिमी कावा!’ माझं भांडण या दुसऱ्या पोरांशी आहे. पहिली निदान गेमचे नियम वाचून बोलतात. दुसरी इतिहास न वाचता इतिहासाच्या नावानं बोलतात.

मी माथेरानला राहते. चार खोल्या आणि खाणावळ एवढा आमचा पसारा. या गावात मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तिथून पुढे सामान येतं ते घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. गॅसचा सिलिंडर घोड्यावर, सिमेंटची गोणी घोड्यावर, पाहुण्यांची चाकांची बॅग हमालाच्या डोक्यावर, कारण लाल मातीच्या चढावर चाकांचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे कुठल्याही वस्तूचा भाव आम्ही दोनदा विचारतो: खाली कितीला आणि वर कितीला. मुंबईचा पाहुणा ताटाच्या दरावरून हुज्जत घालायला लागला की मी म्हणते, दस्तुरीवर आमची तांदळाची गोणी येऊन पडली आहे, तेवढी उचलून आणा, तुमचं ताट फुकट. अजून कुणी उठलेलं नाही.

सांगायचा मुद्दा, वजन म्हणजे काय असतं हे मला कुणी समजावायला नको. म्हणूनच या गेमच्या वादात मी तोंड घालते.

जून ते सप्टेंबर आमचं गाव ओस असतं. नेरळहून वर येणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद, व्हरांड्याला प्लास्टिक बांधलेलं, दारात धुकं आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. माझा मुलगा लॅपटॉपवर ‘बॅटलटेक’ खेळत बसतो. बॅटरी संपली की तोच खेळ कागदावर मांडायचा. मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन छापलेला कागद, दोन फासे, हलक्या यंत्रांना शर्टाची बटणं आणि जड यंत्रांना बाटलीची बुचं. ‘आई, तू बुचं घे,’ असं तो आधीच सांगून टाकतो. बटणं त्याची.

हा खेळ मूळचा कागदावरचाच आहे. शिकागोच्या ‘फासा’ कंपनीनं तो १९८४ मध्ये काढला. तेव्हा नाव होतं ‘बॅटलड्रॉइड्स’. त्यातल्या ‘ड्रॉइड’वर ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी हक्क सांगितला म्हणून पुढच्या वर्षी ते ‘बॅटलटेक’ झालं. माणूस आत बसून चालवतो अशी दोन पायांची, इमारतीएवढी यंत्रं. सर्वांत हलकी २० टनांची, सर्वांत जड १०० टनांची. ३५ टनांपर्यंतची हलकी, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० पासून वरची महाजड.

आकडे बघा, कारण वाद सगळा तिथंच आहे. २० टनांचं ‘लोकस्ट’ पळालं तर एका डावात १२ घरं जातं. १०० टनांचं ‘ॲटलस’ पळून पळून ५ घरं. ॲटलसच्या अंगावर ३०४ गुणांचं चिलखत, लोकस्टच्या अंगावर ६४. ॲटलसच्या मोठ्या तोफेचा गोळा एका दणक्यात २० गुण खातो. तो लोकस्टच्या पायावर बसला तर पाय गेलाच. लोकस्टचा लेझर एका वेळी ५ गुण खातो. कागदावर हे भांडण एकतर्फी आहे.

मग बटण जगतं कसं? फाशांवर. साधारण कसबाच्या चालकाला नेम साधायला मूळ आकडा ४ लागतो. मारणारा चालत असेल तर त्यात १ मिळवा, अंतर मध्यम असेल तर २. झाले ७. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २१ मध्ये सात किंवा त्याहून जास्त पडतात. आता समोरचं यंत्र दहा-बारा घरं पळत आलेलं असेल तर आणखी ४ मिळवा. ११ झाले. ३६ पैकी फक्त ३. तोफ तीच, अंतर तेच. उभ्याला सातदा बसते, तिथं पळत्याला एकदा.

आणि जमीन. सपाट घराला एक पाऊल, विरळ झाडीला दोन, दाट रानाला तीन, चढ असला तर वर आणखी. हे दर सगळ्या यंत्रांना सारखे आहेत. पण ॲटलसकडे एका डावात चालायला पावलंच तीन. दाट रानाचं एक घर आणि त्याचा डाव संपला. लोकस्टकडे आठ असतात. ते तशी दोन घरं ओलांडून पुन्हा दोन पावलं शिल्लक ठेवतो. जडानं जास्त मोजावं असं नियमांत कुठंही लिहिलेलं नाही, तरी जमीन त्याला महाग पडते. हा नियम ज्यानं केला त्याला डोंगर कळत होता, असं मला वाटतं. आमच्याकडे घोडेवाल्याला हे सांगावं लागत नाही.

एवढं असून बुचं घेऊन मीच पुष्कळदा जिंकते. कशी, ते पुढे येईल.

संगणकावरची ‘बॅटलटेक’ २०१८ मध्ये आली. तीत एक फार हुशारीची गोष्ट आहे. प्रत्येक फेरीचे टप्पे पाडलेत. हलकं यंत्र आधी खेळतं, मग मध्यम, मग जड, महाजड सगळ्यांच्या शेवटी. पण हलक्याला थांबायची मुभा आहे. आपली पाळी मागे ढकलत न्यायची, सगळे खेळून झाले की शेवटी वार करायचा आणि पुढची फेरी सुरू होताच सगळ्यांआधी पुन्हा वार करून पसार व्हायचं. लागोपाठ दोन तडाखे, मधे समोरच्याला हूं की चूं करायला जागा नाही. महाजडाला हे जमत नाही. त्याची पाळी जेव्हा येते तेव्हा येते.

आणि तरीही या गेमची मोहीम संपत येते तेव्हा मुलाच्या पथकात चारही यंत्रं महाजड असतात. सगळ्यांचंच तसं होतं, कारण कामगिरीवर यंत्रं किती न्यायची याला मर्यादा आहे, वजन किती न्यायचं याला नाही. चारच नेता येतात म्हटल्यावर माणूस चार डोंगरच नेणार. पुढे ‘फ्लॅशपॉइंट’ नावाची पुरवणी आली, तीत काही कामगिऱ्यांना वजनाची मर्यादा घातली. म्हणजे करणाऱ्यांनाही ते खटकलं असणार. पण मूळ दुखणं निराळंच आहे. या यंत्रांच्या पोटात अणुऊर्जेची भट्टी आहे. त्यांना चारा नको, पाणी नको, डिझेल नको. दुरुस्तीला पैसे आणि दिवस लागतात तेवढेच. ज्या जगात जडाला भूक लागत नाही त्या जगात जडच जिंकणार, त्यात नवल कसलं?

आता माझ्या माहेराकडे येते. माझं माहेर खोपोलीकडचं. खोपोली-पाली रस्त्यानं जाताना शेमडीवरून आत वळलं की चावणी गाव लागतं. खालापूर तालुका, आंबा नदीचं खोरं, वर सह्याद्रीची भिंत. तिथं उंबरखिंड आहे आणि तिथल्या लढाईचं स्मारक आहे. शाळेत या लढाईला दोन ओळी होत्या. प्रतापगडाला धडा, पावनखिंडीला धडा, शायिस्तेखानाच्या बोटांना धडा, आमच्या उंबरखिंडीला दोन ओळी. त्या दोन ओळींत जे गाळलं तेच या सगळ्या वादाचं उत्तर आहे.

मोगल सुभेदार शायिस्तेखान १६६० पासून पुण्यात तळ देऊन होता. चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून जास्त दिवस झुंजवला, शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला आणि किल्ला गेला. मग खानानं कोकण घ्यायला कारतलबखान उझबेकाला पाठवलं. बरोबर माहूरची रायबाघन होती. फौज लोहगडाच्या बाजूनं कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरायला लागली. कोकणात अचानक उतरून सगळ्यांना चकित करायचं, असा बेत. २ फेब्रुवारी १६६१ ला ती उंबरखिंडीत होती. पुढची वाट शिवाजी महाराजांनी अडवलेली, मागची वाट मावळ्यांनी बंद केलेली, दोन्ही बाजूंना रान.

कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग तपशिलानं आला आहे. तो वाचताना मला तलवारींपेक्षा दुसऱ्याच गोष्टी दिसतात. वाट इतकी अरुंद की मोठी फौज मोठी राहतच नाही. ती एक लांब रांग होते आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला मागचा काही उपयोगाचा नसतो. रानात वारा नाही. माणसं तहानेनं कासावीस झालेली. ओझ्याची जनावरं वाटेत, ना पुढे सरकता येतं ना वळवता येतं. रायबाघन खानाला सुनावते की या रानात फौज घालून तू मूर्खपणा केलास, आता शरण जा. खान दूत पाठवतो. महाराज अभय देतात, खंडणी घेतात आणि फौज आपला सगळा लवाजमा तिथंच टाकून निघून जाते. म्हणजे वाचण्यासाठी खानाला जे करावं लागलं ते एकच, हलकं होणं. ते त्यानं घाटाच्या वरच केलं असतं तर?

मुलगा म्हणतो, ‘बघ, जिंकले ना हलके!’

अरे, पण हेच मावळे आणि हीच फौज तळेगाव-वडगावच्या माळावर समोरासमोर आली असती तर काय झालं असतं? माळावर घोडदळ पसरतं, रांगेची आघाडी होते, तोफेला नेम मिळतो. महाराजांना ते पक्कं माहीत होतं. म्हणून माळावर गाठलं नाही. घाटमाथ्यावरही डिवचलं नाही, कारण तिथं डिवचलं असतं तर खान मागे फिरून सपाटीवर गेला असता. उतरू दिलं. हाताशी आलेला शत्रू दिसत असताना गप्प राहायला जे लागतं ते धावण्यापेक्षा फार अवघड आहे. त्या दिवशीची लढाई जिंकली गेली ती या गप्प राहण्यात. खिंडीतली चकमक हा तिचा शेवटचा भाग.

संगणकावरच्या खेळात हलक्याला दिलेली थांबायची मुभा ती हीच. म्हणून मी त्या नियमाला हुशारीचा म्हटलं. हलक्याची ताकद पळण्यात असते असं पोरं समजतात. ताकद असते ती कुठं लढायचं आणि केव्हा लढायचं हे ठरवता येण्यात. वेग त्यासाठी उपयोगी पडतो, पण वेगाशिवायही ते जमतं.

नाही पटत? कर्जत स्टेशनवर उभे राहा. बोरघाटाची लाइन १८६३ ची, चढ सदतिसास एक. तो चढायला गाडीला मागून आणखी इंजिनं लावावी लागतात. ‘बँकर’ लागेपर्यंत आपण वडे खातो ते त्याच वेळात. हा जडाचा मार्ग. बोगदे खणा, पूल बांधा, ताकद कमी पडली तर आणखी ताकद लावा. पुण्या-सोलापूरकडे माल न्यायचा तर हाच मार्ग हवा. आणि कर्जतच्या दोन स्टेशनं अलीकडे नेरळ. तिथून अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०७ मध्ये माथेरानची गाडी वर आणली. रूळ दोन फुटांचे, चढ काही ठिकाणी विसास एक, म्हणजे बोरघाटाच्या जवळपास दुप्पट. इंजिनं जर्मनीतून आणली, त्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर सरकतील असे बनवलेले. ही गाडी हलकी आहे पण वेगवान मुळीच नाही. वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते. घाईचा माणूस नेरळला टॅक्सी करून दस्तुरीला येतो. पण मोठं इंजिन जिथं वळूच शकत नाही तिथं ही वळते. हलकं असण्याचा फायदा एवढाच आणि तो पुरेसा आहे. तिला कुणी उद्या मालगाडी ओढायला लावली तर दोष गाडीचा नसेल.

आता माझ्या बुचांबद्दल. मी जिंकते ते मुलाला एखादं घर राखायचं असतं तेव्हा. डावाच्या सुरुवातीला ठरतं की या टेकडीवरचं ठाणं ज्याच्या हातात राहील तो जिंकला, आणि ते आधी त्याच्या हातात असतं. मग मी घाई करत नाही. तीन-तीन पावलांनी येते. तो भोवती कितीही नाचला तरी ठाणं नाचत नाही. शेवटी त्याला माझ्यासमोर उभं राहावं लागतं आणि उभं राहिलं की ३६ पैकी २१.

मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी १६६५ मध्ये नेमकं हेच केलं. मावळे तेच होते, उंबरखिंडीपेक्षा चार वर्षांनी जास्त मुरलेले. त्यांनी छापे घातले, रसद तोडली, दारूगोळ्यावर घाला घातला. मिर्झाराजे मागे लागून रानात शिरले नाहीत. त्यांचा सरदार दिलेरखान पुरंदरला भिडला. शेजारच्या वज्रगडासाठी तोफा डोंगरावर ओढून चढवायला दिवसच्या दिवस लागले ते लागू दिले. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, तिथून पुरंदरावर मारा सुरू झाला, किल्लेदार मुरारबाजी पडले, आणि जूनमधल्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. पुरंदराला बाजूला सरकता येत नव्हतं. आत माणसं होती, बायकापोरं होती. जागा राखायची ठरली की हलक्याचं हलकेपण तिथंच संपतं. कुरवंड्याच्या घाटात वेळ आणि जागा महाराजांनी निवडली, पुरंदरला ती मिर्झाराजांनी निवडली. आमची पोरं पुरंदरचा तह दुर्दैव म्हणून पाठ करतात. त्यात दुर्दैव काही नव्हतं, समोर जड फौज होती आणि तिचा सेनापती घाई करत नव्हता.

बाजीराव पेशव्यांच्या दोन लढाया शेजारीशेजारी ठेवल्या की हे आणखी उघड होतं. १७२८ मध्ये त्यांनी निजामाला इतकं फिरवलं की पाठलाग जमावा म्हणून त्यानं जड तोफखाना मागे ठेवला आणि पालखेडजवळ अन्नपाण्यावाचून कोंडला गेला. दहा वर्षांनी भोपाळला निजाम शहाणा झालेला होता. त्यानं तोफा सोडल्या नाहीत, तटाच्या आडोशाला बसला. बाजीरावांनी तटावर धाव घेतली नाही. घेतली असती तर तोफांनी मराठे भाजून निघाले असते. रसद तोडून नुसते वेढून बसले आणि जानेवारी १७३८ मध्ये निजामानं तह केला. हलक्या फौजेनं जड फौज फोडल्याची उदाहरणं शोधायला गेलं तर थोडी सापडतात. उपाशी ठेवल्याची मात्र भरपूर.

पानिपतावर मी फार बोलत नाही, त्यावर बोलणारे गावोगाव आहेत. एवढंच सांगते की १४ जानेवारी १७६१ ही तारीख उंबरखिंडीच्या शंभर वर्षांना एकोणीस दिवस कमी अशी येते. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना नावाजलेला होता. आदल्या वर्षी उदगीरला त्यानं निजामाला नमवलं होतं, तेव्हा सेनापती भाऊसाहेबांचा त्यावर विश्वास बसला यात वेडेपणा नव्हता. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते की बायकापोरं, यात्रेकरू, जड सामान मागे ठेवा आणि आपल्या पद्धतीनं लढा. ते झालं नाही. अब्दालीच्या छोट्या तोफा उंटांच्या पाठीवर होत्या, हव्या तिथं नेता येत होत्या. आमच्या मोठ्या तोफा होत्या तिथंच राहिल्या. पण तोफा डागण्याआधी कित्येक आठवडे तळावर उपासमार चालू होती. शंभर वर्षांत आपण कारतलबखानाच्या जागी जाऊन उभे राहिलो होतो. हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण नकाशा बघितला तर दुसरं काही म्हणता येत नाही.

हा वाद जुना झाला असंही नाही. लडाखमध्ये २०२० साली आपल्या सैन्यानं टी-९० रणगाडे वर नेले. तो रणगाडा ४६ टनांच्या आसपासचा. विरळ हवेत, अरुंद रस्त्यांवर त्या वजनाची किंमत काय पडते हे कळल्यावर २५ टनांचा ‘जोरावर’ बनवायला घेतला. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रोनं तो जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला. बातमी बघून मुलगा म्हणाला, ‘आई, २५ टन म्हणजे आपल्याकडचं बटण!’ खरं आहे. पण टी-९० कुणी मोडीत काढलेला नाही. राजस्थानच्या सपाटीवर तोच लागणार. आणि कारगिलच्या शिखरांवर पायदळातली पोरं दोरानं चढली तेव्हा खालून बोफोर्सच्या जड तोफा शिखरं भाजून काढत होत्या, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा गेम बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुण्या-मुंबईत आता गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि आज ना उद्या त्यांतलं कुणीतरी मराठ्यांच्या लढायांवर गेम करणार. त्यात मावळ्याला ‘शौर्य अधिक दहा’ असे फुकटचे गुण देऊ नका. तसे दिले की पोरं त्याला माळावरही लढवतील, तिथंही तो जिंकेल आणि खिंडीची गरजच उरणार नाही. महाराजांनी जे डोकं चालवलं त्याची किंमत शून्य होईल. त्याऐवजी नियम जमिनीचे करा. वाटेची रुंदी मोजा. प्रत्येक घोड्याला, बैलाला, माणसाला रोजचं पाणी आणि चारा लावा. फौज वाढली की रांग लांबू द्या. थांबायची मुभा द्या आणि थांबण्यातला धोकाही ठेवा: शत्रू दुसऱ्याच घाटानं उतरला तर डाव गेला. मग मावळे आपोआप जिंकतील, जिथं जिंकले तिथं. आणि पुरंदरला हरतील, जसे हरले तसे. खेळणाऱ्या पोराला कारण कळेल.

कर्जत-खालापूरच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना तर गेम कंपनीची वाट बघायचीही गरज नाही. सहलीला आमच्याकडे दरवर्षी बसच्या बस भरून येतात. पोरं घोड्यावर बसतात, चिक्की घेतात, इको पॉइंटला ओरडतात आणि जातात. जरूर या, माझा धंदा त्यावर आहे. पण एक सहल चावणीला न्या. षटकोनांचा छापील कागद, दोन फासे आणि बटणं एवढंच सामान लागतं. खिंडीत उभं राहून पोरांनाच ठरवू द्या की कुठलं घर रान, कुठलं चढ आणि कुठल्या घरातून दोन घोडे शेजारीशेजारी जाऊ शकत नाहीत. अर्ध्या वर्गाला कारतलबखान करा. खानाची बाजूही नीट लढवायला सांगा, मुद्दाम हरायला नको. २ फेब्रुवारीला ऊन चढायला लागलेलं असतं, पाणी मात्र आपापलं आणा.